‘नेटवर्क वेगळं ठेवावं’ या ओळीस

मिरजगाव, ता. कर्जत,
जि. अहिल्यानगर

इन्स्टॉलेशन गाइडमधल्या ‘मॅनेजमेंट नेटवर्क इतर नेटवर्कपासून वेगळं ठेवावं’ या ओळीस,



क्लाउड सॉफ्टवेअरच्या गाइडमध्ये तू कुठे भेटशील हे मला आता पान न उलटता सांगता येतं. आधी प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांचा तक्ता येतो. मग कुठली ऑपरेटिंग सिस्टिम चालेल ते येतं. त्या तक्त्याच्या तळाशी, परिच्छेदाच्या शेपटाला, तू एकटीच उभी असतेस. तुझ्या खालच्या ओळीपासून पॅकेज उतरवून घ्यायच्या आज्ञा सुरू होतात आणि वाचणाऱ्याचा हात थेट कीबोर्डवर जातो.

रॅम कमी पडली तर सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी तक्रार करतं. डिस्क अपुरी असली तर ती भरते आणि सगळ्यांना कळतं. तुझं पालन झालं नाही तर मात्र काहीही अडत नाही. क्लाउड उभा राहतो, मशीन सुरू होतात, डॅशबोर्डवर सगळं हिरवं दिसतं, बिलही मंजूर होतं. तुला डावलल्याचं कळतं ते थेट कुणीतरी आत शिरल्यावर. गाइडमधल्या सगळ्या अटींमध्ये तुझ्यासारखी अट दुसरी नाही, म्हणून हे पत्र तुझ्याच नावाने लिहितो आहे.

मी मिरजगावात राहतो. नगर-सोलापूर रस्त्यावरचं, कर्जत तालुक्यातलं हे बाजारपेठेचं गाव. आसपासच्या पतसंस्था, शाळा-कॉलेजं, दूध संकलन केंद्रं, विविध कार्यकारी सोसायट्या यांची संगणकाची आणि नेटवर्कची कामं हा माझा धंदा. पूर्वी हे काम म्हणजे प्रिंटर, यूपीएस आणि हिशेबाचं एखादं सॉफ्टवेअर एवढंच होतं. आता तसं राहिलेलं नाही. जून 2022 मध्ये केंद्र सरकारने देशातल्या 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांचं संगणकीकरण मंजूर केलं, त्यासाठी 2,516 कोटी रुपयांची तरतूद केली. गावच्या सोसायटीची खतावणी आता देशपातळीवरच्या सामाईक सॉफ्टवेअरमध्ये चढते आहे. दुसरीकडे, विद्यार्थ्यांना क्लाउड शिकवायचा म्हणून कॉलेजं जुने सर्व्हर घेऊन स्वतःचा छोटा क्लाउड उभा करू बघताहेत. ओपनस्टॅक, क्लाउडस्टॅक ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, गाइडही फुकट मिळतं. म्हणजे तू आता पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांपुरती राहिलेली नाहीस. तू आमच्याकडेही पोहोचली आहेस.

मोठ्या कंपनीत तुला वाचणारा एकटा नसतो. नेटवर्क बघणारी माणसं वेगळी, सुरक्षा बघणारी वेगळी. तू अर्धवट बोललीस तरी शेजारच्या टेबलावरचा कुणीतरी उरलेलं वाक्य पूर्ण करतो. इथे गाइड वाचणारा, केबल ओढणारा, भिंतीला भोक पाडणारा आणि रात्री फोन आला तर मोटारसायकल काढणारा माणूस एकच असतो. त्याला विचारायला फक्त तूच असतेस. म्हणून तू जे बोलत नाहीस त्याची किंमत इथे जास्त पडते.

एका शिक्षणसंस्थेतलं काम सांगतो; संस्थेचं नाव घ्यायचं कारण नाही. स्टाफरूमच्या शेजारच्या खोलीत एक रॅक होतं. त्यात शहरातल्या कुठल्याशा कंपनीने काढून टाकलेले तीन सर्व्हर आणि एक चोवीस पोर्टचा स्विच. स्विच अगदी साधा, ज्यात काही सेटिंगच करता येत नाही असा. त्या एकाच स्विचमध्ये तिन्ही सर्व्हर, ऑफिसचे संगणक, विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेची केबल, वायफायचा राउटर आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर असं सगळं लावलेलं होतं. क्लाउड बसवणारा मुलगा मेहनती. त्याने गाइड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं होतं. मी विचारलं, मॅनेजमेंट नेटवर्क वेगळं ठेवलंय का? तो म्हणाला, ‘ठेवलंय की सर. ऑफिसचे पत्ते 192.168.1 चे आहेत, सर्व्हरचे 10.0.0 चे.’

प्रयोगशाळेतल्या एका संगणकापाशी बसलो. त्याच्या नेटवर्क कार्डाला आधीच्या पत्त्याबरोबर 10.0.0.50 असा दुसरा पत्ता देऊन टाकला. अर्ध्या मिनिटाचं काम. सर्व्हरला पिंग केलं, लगेच उत्तर आलं. ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता टाकला आणि संपूर्ण क्लाउड चालवणाऱ्या मॅनेजमेंटचं लॉगिनचं पान समोर उघडलं. अकरावीतल्या कुठल्याही चौकस पोराला हे जमलं असतं. तो मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने मोबाइलवर गाइड काढलं, तुझ्यावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, ‘स्विच वेगळा पाहिजे असं यात कुठं लिहिलंय?’

लिहिलेलं नव्हतं. त्याने तू सांगितलंस तेवढं केलं होतं.

तू काय राखायला सांगतेस ते आधी नीट मांडतो, कारण तुला वाचणाऱ्या पुष्कळांना ते कुणी सांगितलेलंच नसतं. क्लाउडमध्ये एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालतात, आणि ती वेगवेगळ्या लोकांची असतात. क्लाउडस्टॅकच्या मांडणीत त्यामुळे वाहतुकीचे चार प्रकार धरले जातात: मशीनची आपापसातली म्हणजे गेस्ट, बाहेरच्या इंटरनेटशी होणारी पब्लिक, टेम्प्लेट आणि स्नॅपशॉट यांची स्टोरेज, आणि हुकूम ज्यावरून जातात ती मॅनेजमेंट. हे मशीन सुरू कर, ती डिस्क जोड, अमक्याचं खातं पुसून टाक, हे सगळं त्या चौथ्या वाटेने जातं. एखाद्या गेस्ट मशीनमध्ये कुणी घुसला तर त्या एका मशीनचं नुकसान होतं. मॅनेजमेंटच्या वाटेवर कुणी पोहोचला तर त्याला एकही मशीन फोडायची गरज उरत नाही. सगळी त्याच्या हुकमात येतात.

हे निव्वळ पुस्तकी भय नाही. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयाची संगणकयंत्रणा बंद पडली. केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, दाखल-डिस्चार्ज, सगळं हाताने लिहायची वेळ आली. पाच सर्व्हरवरची सुमारे 1.3 टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली होती. केंद्र सरकारने नंतर राज्यसभेत जे उत्तर दिलं त्यात प्राथमिक तपासाचा निष्कर्ष स्पष्ट होता: नेटवर्कची विभागणी योग्य प्रकारे झालेली नसल्यामुळे हल्लेखोरांना सर्व्हरपर्यंत जाता आलं. देशातल्या एका अग्रगण्य सरकारी रुग्णालयाच्या बाबतीत संसदेत नोंदलं गेलेलं कारण तुझंच आहे, तुला डावलल्याचं. परगावाहून आलेले, रात्रभर रांगेत बसलेले रुग्ण त्या दिवसांत काय करत असतील याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वेगळं ठेवायचं म्हणजे किती वेगळं?

पत्त्यांची मालिका बदलणं ही सगळ्यांत हलकी पायरी. तिला मी विलगीकरण म्हणणारच नाही, कारण पत्ता हा संगणकाने स्वतःबद्दल सांगितलेला असतो आणि कुणीही तो बदलू शकतो. त्याच्या वरची पायरी व्ही-लॅनची. एकाच स्विचचे पोर्ट वेगवेगळ्या गटांत वाटायचे आणि स्विचनेच एका गटाची वाहतूक दुसऱ्यात जाऊ द्यायची नाही. 802.1क्यू या मानकात त्या गटाच्या क्रमांकासाठी 12 बिट दिलेले आहेत, म्हणून प्रत्यक्षात वापरता येतील असे 4,094 गट मिळतात. आमच्यासारख्यांना चारही पुरतात. पण यातही एक खड्डा आहे आणि त्याबद्दल तू कधी बोलत नाहीस. बिनसेटिंगच्या साध्या स्विचला व्ही-लॅन कळत नाही. सर्व्हरवर व्ही-लॅन क्रमांक टाकला आणि स्विच साधाच ठेवला, तर बहुतेक वेळा तो स्विच क्रमांकाकडे न बघता सगळं सगळीकडे पाठवत राहतो. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये विलगीकरण दिसतं, तारेवर ते नसतं. तिसरी पायरी म्हणजे वेगळा स्विच, वेगळं नेटवर्क कार्ड, वेगळी केबल. ती महाग पडते, पण रंगाने ओळखता येते. मी मॅनेजमेंटला नेहमी लाल पॅच कॉर्ड लावतो. उद्या मी नसताना कुणी रॅक उघडलं तर त्याला नुसत्या डोळ्यांनी कळावं.

या तीनपैकी तुला कुठली पायरी हवी असते? गाइड ज्याने लिहिलं त्याच्या मनात बहुधा दुसरी किंवा तिसरी असते. वाचणाऱ्याच्या मनात पहिली येते, कारण तिला पैसे लागत नाहीत. मधलं अंतर एका वाक्याने मिटलं असतं.

दुसरी गोष्ट दिशेची. यात मी चुका उलट बाजूनेही होताना बघितल्या आहेत. काही जण तुला फार प्रामाणिकपणे वाचतात आणि मॅनेजमेंट नेटवर्कचा बाहेरच्या जगाशी संबंधच तोडून टाकतात. मग पुढच्याच पानावर पॅकेज उतरवायची आज्ञा अडकते, घड्याळ जुळत नाही, सुरक्षेच्या सुधारणा येत नाहीत. दुपार होते, संस्थाचालक दारातून दोनदा डोकावून जातात. शेवटी कुणीतरी राउटरपासून सर्व्हरपर्यंत एक केबल ओढतो, ‘काम झालं की काढू’ म्हणून. ती केबल निघत नाही. पूर्ण तोडलेल्या नेटवर्कचं अशा रीतीने पूर्ण उघडं नेटवर्क होतं, आणि तेही कुठल्याही आकृतीत न दाखवलेलं.

ओपनस्टॅकच्या गाइडने हा पेच बराच सोडवला आहे, हे मी आनंदाने सांगतो. त्यातल्या नमुन्यात मॅनेजमेंट नेटवर्क 10.0.0.0/24 धरलेलं आहे आणि त्याला गेटवे लागेल असं स्पष्ट म्हटलं आहे. कशासाठी, तेही दिलं आहे: पॅकेज, सुरक्षा सुधारणा, डीएनएस आणि वेळ जुळवणं. म्हणजे आतून बाहेर जायला या ठरलेल्या कामांपुरती वाट आहे. हे असं कारणासकट सांगितलं की वाचणारा स्वतःच्या डोक्याने पुढचा विचार करू शकतो. बाहेरून आत यायला वाट नको, हेही त्याच दमात, तितक्याच ठळकपणे सांगायला हवं. त्याच गाइडमधलं दुसरं नेटवर्क 203.0.113.0/24 आहे. ही मालिका 2010 च्या जानेवारीत आरएफसी 5737 या इंटरनेटच्या दस्तऐवजाने खास दस्तऐवजांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवली, म्हणजे उदाहरण बघून कुणी तसंच्या तसं टाकलं तरी जगातल्या कुणा खऱ्याखुऱ्या यंत्रणेला धक्का लागू नये. लोक उदाहरणं उतरवून घेणार, हे ज्यांनी गृहीत धरलं त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. तुझ्या बाबतीतही तेच गृहीत धरायला हवं. ती मांडणी शिकण्यापुरती आहे, प्रत्यक्ष वापरासाठी नाही, असंही ते गाइड सांगतं. पण ज्याच्याकडे फक्त तीन सर्व्हर आहेत, त्याच्यासाठी शिकण्याची मांडणी आणि वापराची मांडणी एकच होऊन बसते.

तुझ्यासारखीच एक अट आमच्या शिवारात फार जुनी आहे. ज्वारीच्या संकरित बियाण्याचा प्लॉट घेणाऱ्याला बीज प्रमाणीकरणाच्या मानकांप्रमाणे विलगीकरण अंतर ठेवावं लागतं. तिथे ‘प्लॉट वेगळा ठेवा’ एवढ्यावर भागवलेलं नाही. ज्वारीच्या इतर वाणांपासून 200 मीटर. जॉन्सन गवतापासून 400 मीटर, कारण ते ज्वारीच्याच कुळातलं आहे, त्याचा परागही चालतो आणि ते रानोमाळ पसरतं. कशापासून वेगळं हे नावानिशी सांगितलं, प्रत्येकाचं अंतर वेगळं दिलं, आणि अधिकारी प्लॉटवर येऊन ते तपासतो. अंतर भरलं नाही तर प्लॉट नापास. कमी शिकलेल्या शेतकऱ्यालाही यात संभ्रम राहत नाही. मग अभियंत्यांनी अभियंत्यांसाठी लिहिलेल्या गाइडमध्ये तो का राहावा?

आणि असं नेमकं लिहिता येतं याचा पुरावा क्लाउडच्या जगातच आहे. जुलै 2024 मध्ये क्लाउडस्टॅकने दोन गंभीर दोष जाहीर केले. पहिला असा होता: मॅनेजमेंट सर्व्हर एकमेकांशी ज्या पोर्टवरून बोलतात, साधारणतः 9090, त्यावर ओळख तपासलीच जात नव्हती. तिथपर्यंत पोहोचणाऱ्याला मॅनेजमेंट सर्व्हरवर आणि हायपरव्हायजरवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या यंत्रणेवर, हवे ते हुकूम चालवता येत होते. दुसरा आणखी घातक. अंतर्गत वापराची एक सेवा बंद ठेवायची असेल तर तिच्या पोर्टच्या जागी 0 ठेवायचं, आणि तेच मुळातलं सेटिंग होतं. पण आतल्या एका चुकीमुळे 0 ठेवल्यावर ती सेवा बंद न होता भलत्याच कुठल्यातरी पोर्टवर उघडी बसत होती. ज्याने सगळं सेटिंग बरोबर ठेवलं त्याचंही दार उघडं होतं आणि ते कुठलं दार हे त्याला माहीत नव्हतं. 4.18.2.1 आणि 4.19.0.2 या आवृत्त्यांत दोन्ही दोष दुरुस्त झाले.

हे वाचलं तेव्हा मला तुझीच आठवण झाली. ज्यांनी मॅनेजमेंट नेटवर्क खरोखर वेगळं ठेवलं होतं त्यांच्या बाबतीत हे दोष आतल्या चार माणसांपुरते राहिले असणार. ज्यांनी फक्त पत्ते बदलले होते ते वाऱ्यावर होते. सॉफ्टवेअरमध्ये दोष निघत राहणार, ते कुणाला चुकलेलं नाही. तो निघाल्यावर किती दूरवर पोचेल हे तुझ्यावर ठरतं. आणि बघ, त्या सूचनेत दिलेला सल्ला किती नेटका होता: मॅनेजमेंट सर्व्हरच्या 9090 या पोर्टपर्यंत फक्त त्याच्या जोडीच्या मॅनेजमेंट सर्व्हरना पोहोचू द्या. कुठलं दार, कुठल्या यंत्रावरचं, कुणासाठी उघडं, सगळं एका वाक्यात आलं. हे वाक्य दोष जाहीर करताना लिहावं लागलं. ते इन्स्टॉलेशनच्या पानावर, तुझ्या जागी, पहिल्या दिवसापासून असतं तर?

गाइड लिहिणाऱ्यांचा यावर एक आक्षेप असतो आणि तो मला पोकळ वाटत नाही. ते म्हणतात, प्रत्येक ठिकाणचं नेटवर्क वेगळं, सगळ्यांना एकच नियम कसा घालणार? प्रयोगशाळेत दोन दिवस खेळून बघणाऱ्याला तीन स्विच घ्यायला लावायचे का? नाही. पण याचं उत्तर मोघम बोलणं हे होत नाही, पायऱ्या पाडून बोलणं हे होतं. आपल्याकडे त्याचा चांगला दाखला आहे.

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या स्विचच्या जागी हल्लेखोरांनी बनावट स्विच उभा केला, 28 देशांतून आणि भारतातून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले, दोन दिवसांनी बँकांच्या स्विफ्ट या संदेशयंत्रणेमार्गे हाँगकाँगला रक्कम गेली. एकूण 94.42 कोटी रुपये. नगर जिल्ह्यासारख्या सहकाराच्या मुलखात त्या आठवड्यात चहाच्या टपरीवरही दुसरा विषय नव्हता. त्याच वर्षी 19 ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचा मूलभूत आराखडा आणला आणि 31 डिसेंबर 2019 ला त्यात चार स्तर केले. बँक पैशांच्या देवाणघेवाणीच्या यंत्रणांशी किती खोल जोडलेली आहे, तिचा स्वतःचा एटीएम स्विच आहे का, ती दुसऱ्या बँकांना सेवा पुरवते का, यावरून तिला काय काय करावं लागेल हे ठरतं. छोट्या बँकेवर मोठ्या बँकेचा बोजा नाही, पण कुणालाच मोघमपणाची सूटही नाही. गाइडमध्ये हे का जमू नये? शिकण्यासाठी असेल तर एवढं पुरे. संस्थेचं रोजचं काम चालणार असेल तर व्ही-लॅन कळणारा स्विच हवाच. लोकांचे पैसे किंवा आजाराच्या नोंदी असतील तर वेगळी तार. व्ही-लॅन कळणारा स्विच आज काही हजारांत मिळतो. संस्थाचालकांना तो घ्यायला लावायचा तर माझ्या हातात छापील ओळ लागते. माझ्या शब्दाला ते सल्ला समजतात आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकावर ढकलतात.

हाच धागा सक्तीपर्यंत येतो. इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्यांनी 1997 मध्येच, आरएफसी 2119 मध्ये, ठरवून टाकलं की अनिवार्य काय, शिफारस काय आणि ऐच्छिक काय हे दस्तऐवजात ठरावीक शब्दांनीच सांगायचं, आणि त्या शब्दांचे अर्थ आधी बांधून द्यायचे. शिफारस मोडायची तर परिणाम समजून, तोलून मोडावी, असंही त्यात आहे. तू मात्र या तिन्हींच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतेस. मोडली तर काय होईल हेही सांगत नाहीस. वाचणाऱ्याला वाटतं, जमलं तर बघू.

विलगीकरणाची दुसरी बाजूही तुला माहीत असावी म्हणून सांगतो. जुलै 2024 च्या अखेरीस सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला देशाच्या किरकोळ पेमेंट यंत्रणांपासून तात्पुरतं तोडलं. सुमारे 300 छोट्या बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले, पण बाकी देशाचं यूपीआय चालू राहिलं, आणि तपासणी झाल्यावर 1 ऑगस्टला जोडणी पूर्ववत झाली. कुठे तोडायचं हे आधीपासून ठरलेलं असलं की वेळ आल्यावर तेवढंच तोडता येतं. आमच्या त्या रॅकमध्ये काय तोडलं असतं? एकच स्विच. तो बंद केला की फीची पावतीही बंद आणि सीसीटीव्हीही बंद.

शेवटचं राहिलं ते तपासणीचं, आणि मला सगळ्यांत जास्त आग्रह याचाच आहे. गाइडमध्ये प्रत्येक टप्प्यानंतर ‘ही आज्ञा द्या, असं उत्तर दिसायला हवं’ असं लिहिलेलं असतं. डेटाबेस चालू झाला का बघा, सेवा उभी राहिली का बघा. तुझ्यानंतर असं काहीच नसतं. कारण कळतं मला: तुझ्या बाबतीत यश म्हणजे उत्तर न येणं, आणि न आलेलं उत्तर तपासायची सवय आपल्या हाताला नाही. पण ते तपासता येतं. एक गेस्ट मशीन चालू करावं, त्यात शिरून मॅनेजमेंट सर्व्हरच्या डेटाबेसचं 3306, स्टोरेजचं 2049 आणि ते 9090 ही पोर्ट ठोकून बघावीत. नुसतं पिंग पुरत नाही, कारण पिंग अडवलेलं असूनही पोर्ट उघडं असू शकतं. मग ऑफिसच्या संगणकावरून तेच, वायफायवरच्या मोबाइलवरून तेच, आणि प्रयोगशाळेतल्या संगणकाला मॅनेजमेंटच्या मालिकेतला पत्ता देऊन पुन्हा तेच. कुठूनही उत्तर आलं तर काम अपुरं आहे. उलट बाजूने, सर्व्हरवरून पॅकेजच्या सुधारणा येतात का तेही बघावं, म्हणजे ती ‘तात्पुरती’ केबल ओढायची वेळ येणार नाही. रॅकमध्ये नवा डीव्हीआर किंवा नवा राउटर आला की ही सगळी तपासणी पुन्हा करावी.

त्या शिक्षणसंस्थेत आता दोन स्विच आहेत. त्या मुलाने तपासणीचा कागद तयार करून रॅकच्या दाराला आतून चिकटवला आहे, कुठून काय ठोकायचं आणि काय दिसलं पाहिजे त्याचा. हा कागद खरं तर तुझ्या पानावर हवा. ओपनस्टॅक काय, क्लाउडस्टॅक काय, दोन्हींची गाइड खुली आहेत आणि त्यांत कुणालाही सुधारणा सुचवता येते. म्हणून मी आणि त्याने मिळून तुझ्या जागी घालायचा मजकूर लिहून काढला आहे. पोर्टचे आकडे ज्या त्या सॉफ्टवेअरप्रमाणे बदलतील:

‘मॅनेजमेंट नेटवर्क गेस्ट, पब्लिक आणि कार्यालयीन नेटवर्कपासून वेगळं असणं अनिवार्य आहे. फक्त पत्त्यांची मालिका वेगळी ठेवणं पुरेसं नाही. किमान व्ही-लॅन वापरा, आणि वापरत असलेल्या स्विचला व्ही-लॅन कळतं याची खात्री करा. आर्थिक किंवा वैद्यकीय माहिती असल्यास वेगळा स्विच आणि वेगळं नेटवर्क कार्ड वापरा. या नेटवर्कमधून बाहेर जाण्याची परवानगी फक्त पॅकेज, सुरक्षा सुधारणा, डीएनएस आणि वेळ जुळवणं यांना द्या. बाहेरून आत येण्याची परवानगी फक्त व्यवस्थापकाच्या नेमून दिलेल्या संगणकाला द्या. ही अट न पाळल्यास या नेटवर्कपर्यंत पोहोचणारी कुणीही व्यक्ती सर्व व्हर्च्युअल मशीन ताब्यात घेऊ शकते. पुढच्या टप्प्याकडे जाण्याआधी गेस्ट मशीन, कार्यालयीन संगणक, वायफायवरचा मोबाइल आणि मॅनेजमेंटच्या मालिकेतला पत्ता दिलेला बाहेरचा संगणक अशा चार ठिकाणांहून जोडणी करून बघा. चारही ठिकाणी जोडणी नाकारली गेली पाहिजे. एक जरी जुळली तर इन्स्टॉलेशन इथेच थांबवा.’

तुझ्या एका ओळीच्या जागी हे बरंच लांब झालं आहे. कुणी कात्री लावणार असेल तर आमची हरकत नाही, फक्त शेवटची तीन वाक्यं ठेवावीत.

कळावे, लोभ असावा.

तुझा वाचक,
मिरजगाव